बॅटरीच्या जवळ, सिलिंडरपासून दूर

साताऱ्याहून आलेले पत्र:

"मी निवृत्त शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि फॅब्रिकेटरकडून तिचे मोटारहोम करून घेतले. मागच्या पलंगाखाली दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. २००० व्हीएचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर मात्र पुढे, ड्रायव्हरच्या सीटमागच्या कपाटात आहे. मधली केबल १६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) असून तिची एकेरी लांबी साडेपाच मीटर आहे. फ्यूज कुठेच नाही. इंडक्शन शेगडी १२०० वॅटवर लावली की दोन-तीन मिनिटांत इन्व्हर्टरचा बझर वाजतो आणि तो बंद पडतो. केबलही तापते. मुलाने मीटर लावले तेव्हा शेगडी चालू असताना बॅटरीवर १२ व्होल्ट आणि इन्व्हर्टरवर १०.४ व्होल्ट दिसले. इन्व्हर्टर मागे डिकीत, गॅस सिलिंडरशेजारी जागा आहे तिथे हलवावा असे वाटते. आमचे वायरमन म्हणतात, आहे तीच केबल कापून वापरू, घरातला ६३ अँपिअरचा एमसीबी टाकू आणि अर्थिंगसाठी न्यूट्रल गाडीच्या बॉडीला जोडू. हे योग्य आहे का? आणि उरलेली केबल विकून टाकावी का?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या चिरंजिवांनी मीटर दोन्ही टोकांना लावून पाहिला, हे फार चांगले केले, कारण बहुतेक लोक फक्त बॅटरीवरचे व्होल्ट पाहतात आणि बॅटरी "बसली" असे ठरवून दुकानात नवी घ्यायला जातात. आपल्या बॅटरीत दोष दिसत नाही. एवढ्या भाराखाली ती १२ व्होल्ट देते आहे. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्या मधल्या वाटेत १.६ व्होल्ट हरवतात, आणि बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास बॅटरी संपली असे समजून बंद होतात. आपला इन्व्हर्टर त्याच्या समजुतीप्रमाणे बरोबर वागतो आहे. चुकीची खबर त्याच्यापर्यंत केबल पोहोचवते.

हिशेब करून पाहू. शेगडी १२०० वॅट घेते. इन्व्हर्टरमधली घट धरली तर त्याला बॅटरीकडून सुमारे १३६० वॅट ओढावे लागतात, आणि १०.४ व्होल्टवर ते म्हणजे जवळजवळ १३० अँपिअर होतात. आपली केबल जाऊन-येऊन ११ मीटरची आहे. १६ स्क्वेअरच्या तांब्याच्या ११ मीटर केबलचा विरोध सुमारे ०.०१२ ओहम भरतो; त्याला १३० ने गुणले की दीड व्होल्टच्या वर घट निघते. उरलेला अल्पांश सांध्यांत जातो. म्हणजे मीटरने दाखवले तेच कागदावरही येते. ह्या घटीचे वॅटमध्ये रूपांतर केले तर सुमारे दोनशे वॅट होतात, म्हणजे जुन्या काळचे शंभराचे दोन बल्ब आपल्या कपाटामागे, प्लायवूडच्या आड, रात्रंदिवस नव्हे पण प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी पेटलेले असतात. केबल तापते ती यामुळे, आणि इन्व्हर्टर बंद पडण्यापेक्षा मला ह्या तापण्याचीच काळजी अधिक वाटते.

इन्व्हर्टर मागे न्यावा हा आपला विचार त्यामुळे अगदी योग्य आहे. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: उपसा योजनेचे पाणी कमी दाबाने न्यायचे असेल तर पाइप जाड लागतो, दाब भरपूर असेल तर बारीक नळीतूनही तेवढेच पाणी जाते. १२ व्होल्ट हा फार कमी दाब आहे. तीच वीज २३० व्होल्ट झाली की १६०० वॅटसाठी फक्त ७ अँपिअर लागतात, आणि अडीच स्क्वेअरच्या साध्या वायरने ती सहा मीटर पुढे ओट्यापर्यंत नेली तरी वाटेत अर्धा-पाऊण व्होल्ट जातो. २३० मधून तेवढा गेला तर कुणालाच कळत नाही. म्हणून बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वाट आखूड आणि जाड ठेवावी, आणि लांबचा पल्ला २३० व्होल्टला गाठू द्यावा. इन्व्हर्टर पुढेच ठेवून केवळ केबल जाड करण्याचा मार्गही आहे, परंतु घट ०.३ व्होल्टच्या आत आणायची तर जवळजवळ ९५ स्क्वेअरची केबल लागेल आणि तिच्यातले तांबेच नऊ किलोच्या पुढे भरेल. यवतेश्वरचा घाट चढताना ते ओझेही गाडीनेच वाहायचे आहे.

मात्र आपण सांगितलेली जागा मला मान्य नाही. गॅस सिलिंडरशेजारी इन्व्हर्टर ठेवू नये. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. रेग्युलेटरच्या रबरातून किंवा नळीच्या क्लिपातून थोडा जरी निसटला तरी तो वर न जाता डिकीच्या तळाशी साचतो. इन्व्हर्टरमध्ये रिले आणि पंखा असतो, आणि केबल जोडताना त्याच्या कपॅसिटरमुळे ठिणगी उडते ती वेगळीच. सिलिंडरचा कप्पा गाडीच्या आतल्या भागापासून बंद आणि तळाला बाहेर उघडणाऱ्या छिद्रांचा असावा, आणि त्यात विजेची कोणतीही वस्तू नसावी, दिवासुद्धा नसावा. ह्या एका बाबतीत आपण कुणाचाही सल्ला मानू नये, त्यात जागेच्या सोयीचा सल्लाही आला.

दुसरी अडचण आपल्या पत्रात लिहिलेली नाही, पण ती तिथेच आहे. आपल्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांत पाणी घालावे लागते, म्हणजे त्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की तो पेट घेऊ शकतो. आणि त्या आपल्या पलंगाखाली आहेत. म्हणून बॅटऱ्यांना झाकणाची बंद पेटी हवी, तिला तळाजवळ हवा आत येण्यासाठी एक नळी आणि अगदी वरच्या कोपऱ्यातून बाहेर जाणारी दुसरी नळी हवी, कारण हायड्रोजन एलपीजीच्या उलट वर चढतो. इन्व्हर्टर ह्या पेटीत कधीही ठेवू नये आणि पेटीच्या डोक्यावरही बसवू नये. आम्लाच्या वाफेने त्याचे सर्किट दोन-तीन पावसाळ्यांत हिरवे पडते. मी उघडलेल्या अशा एका इन्व्हर्टरच्या पंख्याची जाळी बोट लावताच भुगा होऊन पडली होती.

मग बसवावा कुठे? सिलिंडर डिकीच्या डाव्या अंगाला आहे असे धरले, तर उजवीकडे बॅटरीच्या पेटीच्या पुढच्या बाजूला, मागच्या चाकाच्या कमानीवर पलंगाखाली जी जागा उरते ती मला सर्वांत सोयीची वाटते. पेटी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये १२ मिलिमीटर प्लायवूडचा पडदा घ्यावा आणि केबल जाण्याची छिद्रे रबरी ग्रोमेटने बंद करावीत. इन्व्हर्टरचे तोंड गाडीच्या आतल्या वाटेकडे असावे, बाहेरच्या दाराकडे नसावे. याचे कारण असे की धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि कच्च्या रस्त्यावरची धूळ मागच्या दाराच्या फटींतून आत ओढली जाते. ठोसेघर किंवा बामणोलीकडून आल्यावर डिकीतल्या सतरंजीवर जांभ्याची तांबडी धूळ बोटभर बसलेली आपण पाहिली असेल. ती धूळ पंखा ओढून घेतो. इन्व्हर्टरच्या पंख्याच्या बाजूला आणि समोरच्या जाळीला निदान चार बोटे मोकळी जागा सोडावी, आणि त्या कप्प्याला जाळीचे दार करावे. बहुतेक इन्व्हर्टरची सांगितलेली क्षमता थंड हवेतली असते. सांगली-मिरजेच्या एप्रिलमध्ये, उन्हात उभ्या गाडीच्या बंद कप्प्यात २००० व्हीएचा इन्व्हर्टर २००० व्हीए देईल अशी अपेक्षा ठेवू नये.

एक गैरसोय आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर माझ्यावर राग नको. इन्व्हर्टर पलंगाखाली आला की त्याचा पंखा रात्री कानाखाली वाजेल. शिवाय एवढा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १५ ते २५ वॅट खातो, म्हणजे दिवसरात्रीत ३० ते ५० अँपिअर-अवर निघून जातात. म्हणून त्याच्या सोबत मिळणारा किंवा वेगळा घ्यावा लागणारा रिमोट स्विच पुढे ओट्याजवळ आणावा. त्याची वायर टेलिफोनच्या वायरीसारखी बारीक असते, ती कितीही लांब नेली तरी हरकत नाही. झोपताना स्विच बंद करावा. दिवे आणि शक्य असेल तर फ्रीज थेट १२ व्होल्टवर चालवावा.

आता केबल. इन्व्हर्टर ठरल्या जागी बसवला तर एकेरी अंतर सव्वा मीटरच्या आत येते. तिथे ७० स्क्वेअरची बारीक तारांची तांब्याची केबल घ्यावी. पूर्ण भाराला, म्हणजे सुमारे १६० अँपिअरला, तिच्यात ०.१ व्होल्टच्या आसपास घट राहील. ५० स्क्वेअरनेही काम चालेल, परंतु दोनशे अँपिअरच्या फ्यूजखाली मला ७० अधिक निर्धास्त वाटते आणि एवढ्या आखूड लांबीत पैशांचा फरक मोठा नाही. बाजारात वेल्डिंग केबल सहज मिळते आणि ती लवचीक असल्याने गाडीला चांगली, पण ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबलही तशाच काळ्या रबरात विकली जाते, आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तर वरून अगदी तांब्याचीच दिसते. एक तार वेगळी काढून ब्लेडने खरवडावी. आतून चांदीसारखी निघाली तर ती केबल दुकानदाराला परत करावी. वजनही सांगते, तांब्याची केबल हातात जड लागते.

केबलपेक्षा तिच्या टोकांवर मी अधिक वेळ घालवीन, आणि आपणही वायरमनना घालवू द्यावा. मागच्या उन्हाळ्यात मिरजेजवळ एका गृहस्थांची गाडी पाहण्याचा योग आला. तक्रार आपल्यासारखीच होती, फक्त केबल जाड होती आणि अंतर दीड मीटर. मी शेगडी दहा मिनिटे चालवली आणि मग एकेका थिंबलजवळ, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कानाजवळ, हाताचा मागचा भाग नेला. तीन थिंबल कोमट होते. चौथ्याजवळ हात ठेवता येईना. त्याच्यावरची लाल स्लीव्ह चहासारखी तपकिरी झाली होती. सर्व बंद करून, बॅटरी सोडवून, केबल हातात धरून थोडे ओढले तर ती थिंबलमधून मुळ्यासारखी उपटून आली. थिंबल छिन्नी-हातोडीने दाबलेला होता आणि निम्म्या तारा आत गेल्याच नव्हत्या. इतर तीन मात्र नीट दाबलेले होते. एवढ्या मोठ्या कामात एकच सांधा घाईत झाला होता, आणि त्यानेच सगळी गाडी बसवली होती.

म्हणून थिंबल दाबायला हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल आणि त्यात ७० चाच साचा हवा. साताऱ्याच्या एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या कुणाकडेही ते असते. केबल मापाने कापून त्यांच्याकडून चार टोके दाबून आणणे हे हातोडीपेक्षा स्वस्त पडते. थिंबल जाड पत्र्याचा, कथिलाचा मुलामा असलेला घ्यावा, त्याचे भोक बोल्टच्याच मापाचे असावे, आणि दाबल्यावर स्लीव्ह चढवावी. नुसत्या झाळकामावर भरवसा ठेवू नये, कारण सांधा तापला की कथील मऊ पडते आणि थरथरीने झाळेच्या कडेलाच तारा तुटतात. बोल्टवर थिंबलच्या आणि बॅटरीच्या शिशाच्या मध्ये वॉशर घालू नये. वॉशर थिंबलच्या वर यावा. ही चूक मी अनेक अनुभवी माणसांच्या कामात पाहिली आहे.

आपल्या दोन बॅटऱ्या समांतर आहेत, तेव्हा इन्व्हर्टरची धन केबल एका बॅटरीवरून आणि ऋण केबल दुसऱ्या बॅटरीवरून, अशी तिरकी घ्यावी. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर तीच बॅटरी अधिक राबते आणि आधी म्हातारी होते. ऋणासाठी गाडीच्या बॉडीचा उपयोग करू नये. हेडलाइटला तो चालतो. दीडशे अँपिअर पत्र्याच्या गंजक्या वेल्डिंगमधून नेणे योग्य नाही. इन्व्हर्टरला धन-ऋण दोन्हीसाठी स्वतंत्र, सारख्याच जाडीच्या केबल हव्यात. बॅटरीचे ऋण टोक चासीला एकाच ठिकाणी, रंग खरवडून, घट्ट जोडलेले असावे, आणि इन्व्हर्टरच्या डब्यावर अर्थिंगचा जो स्क्रू असतो तिथून चासीपर्यंत एक वेगळी १६ स्क्वेअरची तार असावी. एवढा तुकडा आपल्या जुन्या केबलमधून निघेल.

फ्यूजबद्दल आपल्या वायरमनशी माझा पूर्ण मतभेद आहे. फ्यूज इन्व्हर्टरला वाचवण्यासाठी नसतो, केबलला वाचवण्यासाठी असतो. केबल कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर आपल्या बॅटऱ्या क्षणात हजारांच्या घरात अँपिअर ओततात, आणि ती केबल पलंगाच्या लाकडाखाली लालबुंद होते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत हवा. इन्व्हर्टरजवळ बसवला तर मधली केबल उघड्यावरच राहते. तो पेटीच्या बाहेरच्या अंगावर बसवावा, आत वाफेत नसावा. एएनएल किंवा मेगा प्रकारचा, डीसी ३२ व्होल्ट किंवा त्याहून अधिक असे छापलेला, २०० अँपिअरचा फ्यूज आपल्याला योग्य ठरेल, आणि त्याचा एक जोड गाडीत शिल्लक ठेवावा. पुढेमागे लिथियम बॅटरी घेतलीत तर मात्र क्लास-टी प्रकारचा घ्यावा, कारण तिचा शॉर्टचा प्रवाह अधिक असतो आणि साध्या फ्यूजला तो तोडता येईलच असे नाही.

घरातला ६३ अँपिअरचा एमसीबी दोन कारणांनी चालणार नाही. पहिले म्हणजे १३० अँपिअरला तो मिनिट-दोन मिनिटांत पडेल आणि आपण होता तिथेच याल. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि एमसीबी उघडताना पडलेली ठिणगी त्या शून्यावर विझते. बॅटरीची वीज कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे आतली ठिणगी तशीच तग धरून एमसीबीच वितळवू शकते. फ्यूजच्या पुढे हाताने तोडण्यासाठी २५० ते ३०० अँपिअरचा बॅटरी आयसोलेटर बसवावा, आणि तो अशा जागी असावा की पलंगाची गादी न उचलता हात पोहोचेल.

आता न्यूट्रल आणि बॉडी. येथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण "न्यूट्रल बॉडीला जोडला की अर्थिंग झाले" हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. घरात महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, म्हणून फेज कुठे गळला तर प्रवाहाला परतीची वाट असते आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखणारा स्विच) तो फरक ओळखून पडतो. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या, टायरवर उभ्या गाडीत अशी वाट आपोआप नसते. काही इन्व्हर्टरमध्ये ती आतून केलेली असते, काहींमध्ये बाहेरून करायला परवानगी असते, आणि काहींमध्ये दोन्ही टोके डब्याच्या तुलनेत सुमारे ११५-११५ व्होल्टवर असतात. अशा इन्व्हर्टरचे एक टोक बॉडीला बांधले की तो तिथल्या तिथे जळू शकतो. आपला कोणता हे पाहण्यासाठी बाहेरचा प्लग काढून, इन्व्हर्टर चालू करून, एसीवर लावलेल्या मीटरने सॉकेटच्या प्रत्येक टोकापासून डब्यापर्यंतचे व्होल्ट मोजावेत. एक टोक २३० आणि दुसरे शून्य दाखवत असेल तर जोड आतच आहे, काही करू नये. दोन्हीकडे मधलेच आकडे आले तर पुस्तिका पाहावी, आणि उत्पादकाने लेखी परवानगी दिली असेल तरच जोड करावा. तोही अशा रिलेमधून, की बाहेरची वीज गाडीला लावली की तो जोड सुटेल. परवानगी नसेल तर न्यूट्रल मोकळाच ठेवावा आणि सर्व सॉकेटच्या अर्थच्या पिना व धातूचे सर्व डबे एकत्र चासीला जोडावेत.

आरसीसीबी जरूर बसवावा, त्याच्यासोबत १० अँपिअरचा दोन पोलचा एमसीबीही, दोन्ही २३० च्या बाजूला छोट्या डीबीत (वितरण पेटीत). पण आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबले आणि तो पडला म्हणजे गाडीतले अर्थिंग ठीक आहे असे समजू नये. ते बटण आतल्या आतच प्रवाह वळवून यंत्रणा तपासते. न्यूट्रलचा जोड नसला तरी आरसीसीबी पडतोच.

पाचगणीला एखाद्या हॉटेलच्या आवारात किंवा नातेवाइकांच्या मळ्यात गाडी लावून बाहेरची वीज घेताना इन्व्हर्टरचे आउटपुट आणि बाहेरची वीज एकाच वायरीवर क्षणभरही एकत्र येता कामा नयेत. इन्व्हर्टरमध्ये स्वतःचा चेंजओव्हर (दोन्हींपैकी एकच वीज जोडणारा स्विच) असेल तर उत्तमच. नसेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मध्ये बंदचा टप्पा असलेला चेंजओव्हर स्विच लावावा. मळ्यातल्या मोटारीच्या खोलीतल्या सॉकेटला अर्थ असतोच असे नाही. तिथे अर्थ नसताना गाडीत काही गळले, तर ओल्या गवतावर उभे राहून दाराच्या मुठीला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. प्लग लावण्याआधी सॉकेट टेस्टरने तपासावे.

२३० ची वायर घराच्या एकेरी कडक तारेची नको, बारीक तारांची तीन कोअरची अडीच स्क्वेअरची हवी, आणि ती १२ व्होल्टच्या केबलपासून वेगळ्या पाइपातून न्यावी. आपल्याकडे २३० च्या बाजूला काळी तार न्यूट्रल असते आणि बॅटरीच्या बाजूला काळी तार ऋण असते. दोन वर्षांनी दुसरा कुणी वायरमन हे उघडेल, तेव्हा त्याच्यासाठी प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावून ठेवावी.

काम सुरू करताना आधी शेगडी, मग इन्व्हर्टर बंद करावा, बाहेरचा प्लग काढावा, छतावर सौर पॅनेल असेल तर बॅटरीच्या आधी पॅनेलची वायर सोडवावी, आणि त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक व शेवटी धन टोक सोडवावे. ऋण आधी सोडवले की धनाचा नट फिरवताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. माझ्या हातून तरुणपणी हा क्रम एकदा उलटा झाला. तो पाना अजून माझ्याकडे आहे, त्याच्या जबड्याचा एक कोपरा वितळलेला आहे. अंगठी आणि कडे काढून ठेवावे. इन्व्हर्टर सोडवल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे वीज उरते, म्हणून लगेच टोकांना हात लावू नये. परत जोडताना क्रम उलटा: धन, मग ऋण, शेवटी पॅनेल. इन्व्हर्टरला पहिल्यांदा जोडताना आयसोलेटर बंद ठेवून आयसोलेटरच्याच दोन टोकांवर २५ ते ५० ओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरावा आणि मग आयसोलेटर चालू करावा. म्हणजे तो मोठा फटकारा उडत नाही आणि आयसोलेटरचे तोंड भाजत नाही.

काम झाल्यावर चिरंजिवांना पुन्हा मीटर द्यावा. शेगडी १२०० वर पंधरा मिनिटे चालवावी आणि बॅटरी व इन्व्हर्टर दोन्हीकडचे व्होल्ट मोजावेत. फरक पाव व्होल्टच्या वर असेल तर मीटरचे एक टोक थिंबलवर आणि दुसरे बोल्टवर ठेवून प्रत्येक सांध्याची घट मोजावी. चांगल्या सांध्यात ती काही मिलिव्होल्टच निघते, आणि एखाद्या ठिकाणी पन्नास मिलिव्होल्ट निघाले तर तो सांधा पुन्हा करावा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सर्व नट एकदा तपासावेत, घाटातल्या थरथरीने ते सैल होतात. शेगडीबद्दलही एक सूचना आहे: बऱ्याच इंडक्शन शेगड्या कमी वॅटवर ठेवल्या तरी प्रत्यक्षात पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतात, त्यामुळे ६०० वर लावूनही बझर वाजू शकतो. शिवाय आपल्या दोन बॅटऱ्यांवर १३० अँपिअर हा मोठा भार आहे. अर्धा तास भाजी शिजवावी, पण तीन तास बिर्याणीचा बेत बाहेरच्या विजेवरच करावा.

गाडीचे मोटारहोम करताना नोंदणी पुस्तिकेत बदल करून घेतला आहे ना, तेवढे पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार पुस्तिकेतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि विजेच्या कामातून आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

राहिली जुनी केबल. ती विकू नये आणि काढूही नये. आपल्या पत्रात गाडी चालू असताना बॅटऱ्या चार्ज होतात असा उल्लेख नाही, आणि ही केबल तर पुढून मागे, हव्या त्याच वाटेने आधीच घातलेली आहे. दोन्ही टोकांचे थिंबल तापून खराब झाले असतील, तेव्हा टोकाकडून एक वीतभर कापून टाकावे, चासीच्या अर्थिंगचा तुकडाही त्यातच निघेल, आणि नवे थिंबल दाबून घ्यावेत. मागे बॅटऱ्यांजवळ ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (एका बॅटरीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणारा) बसवून गाडीच्या मूळ बॅटरीपासून ही केबल त्याला द्यावी, आणि पुढे व मागे दोन्हीकडे, बॅटरीपासून वितीच्या आत, ५० अँपिअरचा एकेक फ्यूज घालावा. ३० अँपिअरला ह्याच केबलमध्ये एक तृतीयांश व्होल्टच घट येते आणि चार्जर ती सहज भरून काढतो. साताऱ्याहून महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत बॅटऱ्यांत चाळीसएक अँपिअर-अवर भरले जातील. त्यात रात्रीचे दिवे, पंखा आणि सकाळचा चहा भागेल.